एअरगनचा छर्रा ४.५ की ५.५? भोर-वेल्ह्यात बंदूक घेण्याआधी हा हिशेब समजून घ्या

भोर / वेल्हे : गावच्या जत्रेत फुग्यांच्या फळीसमोर उभं राहून छऱ्याची बंदूक एकदा तरी हातात धरली नाही, असा माणूस आपल्याकडे विरळाच. तीच बंदूक आता मोबाईलवर दिसते, एका क्लिकवर घरी येते. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत एअरगन घेण्याचा विचार साधारण दोन कारणांनी होतो. घरातल्या पोराला किंवा पोरीला नेमबाजीची आवड लागलेली असते, नाहीतर नाचणी, भुईमूग, आंबा माकडं आणि रानडुकरं ठेवत नाहीत म्हणून शेतकरी वैतागलेला असतो.

दोघांनाही दुकानात पहिला प्रश्न एकच पडतो, छर्रा कोणता घ्यायचा? साडेचारचा की साडेपाचचा? "पॉइंट बावीस घ्या दादा, दणका जोरात बसतो" असा सल्ला देणारे खूप भेटतात. पण त्याच सल्ल्यापायी विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो, हे सांगणारा क्वचितच भेटतो.

थोडक्यात सांगायचं तर

- परवान्याशिवाय घ्यायची असेल तर बंदूक ४.५ मिमी (.१७७) चीच हवी आणि तिची ताकद २० जूलपेक्षा कमी हवी.
- नेमबाजीच्या १० मीटर स्पर्धेत ४.५ मिमीशिवाय दुसरा छर्रा चालत नाही.
- माकड, रानडुक्कर, मोर, ससा, तितर यांच्यावर कोणत्याही मापाचा छर्रा मारणं हा गुन्हा आहे.
- माप ठरल्यावर खरी निवड असते ती छऱ्याच्या आकाराची आणि वजनाची.

आता एकेक गोष्ट नीट पाहू.

हे आकडे नेमके कशाचे?

.१७७, .२२, .२५ हे आकडे इंचात आहेत. नळीच्या आतल्या भोकाचा तो व्यास. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्या हिशेबानं .१७७ म्हणजे साधारण ४.५ मिमी, .२२ म्हणजे साधारण ५.५ मिमी आणि .२५ म्हणजे ६.३५ मिमी. म्हणजे "पॉइंट एकशे सत्त्याहत्तर" आणि "साडेचारची" ही एकाच मापाची दोन नावं झाली. दुकानदार एक नाव घेतो, डबीवर दुसरं छापलेलं असतं, म्हणून घोटाळा होतो.

इथे आणखी एक गोंधळ आहे. एनसीसीत गेलेल्या मुलांनी "पॉइंट बावीसची रायफल" चालवलेली असते. ती एअरगन नव्हे. तिच्यात दारू भरलेलं काडतूस असतं आणि ती पूर्णपणे परवान्याची बंदूक आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते अशाच काडतुसाच्या .२२ रायफलनं. .२२ ची एअरगन मात्र हवेच्या दाबावर शिशाचा छर्रा फेकते. माप जवळपास सारखं असलं तरी वस्तू वेगळ्या आहेत. एकीचा माल दुसरीत कधीच घालायचा नाही.

आणि सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे छर्रा नळीच्या मापाचाच लागतो. साडेपाचचा छर्रा साडेचारच्या नळीत शिरणारच नाही. साडेचारचा छर्रा साडेपाचच्या नळीत टाकला तर तो सैल बसेल, हवा बाजूनं निसटेल आणि नेम कुठल्या कुठे जाईल. त्यामुळे छर्रा निवडणं म्हणजे खरं तर बंदूक घेतानाच माप निवडणं. घरात बंदूक आधीच असेल, तर नळीवर किंवा सांध्याजवळ माप कोरलेलं असतं. ते वाचून मगच डबी घ्यावी.

परवाना कुठून सुरू होतो?

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे आणि सध्याचे शस्त्र नियम २०१६ चे. एअरगनला सरसकट परवाना लागत नाही, हे अर्धं खरं. नळीचं माप ४.५ मिमीपर्यंत आणि नळीच्या तोंडाशी छऱ्याची ऊर्जा २० जूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. या दोन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. साडेपाचची एअरगन घरात ठेवायची तर आधी शस्त्र परवाना काढावा लागतो. "हवेवरच चालते की, त्यात काय?" हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही.

कुणी नातेवाईक शहरातून किंवा परदेशातून साडेपाचची बंदूक भेट म्हणून घेऊन आला, तरी नियम तोच. जुन्या बंदुकीची स्प्रिंग बदलून "पॉवर वाढवून देतो" म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहावं. ताकद २० जूलच्या वर गेली की साडेचारची बंदूकसुद्धा परवान्याच्या कक्षेत जाते.

बंदूक परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून घ्यावी, ओळखपत्र दाखवावं आणि पक्कं बिल घेऊन जपून ठेवावं. बिलावर माप लिहून घ्यावं. उद्या कुणी तक्रार केली, तर "ही .१७७ चीच आहे" हे दाखवायला तोच कागद कामाला येतो.

आणखी एक. सण आणि निवडणुकांच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात. त्या काळात परवाना न लागणारी एअरगन खांद्यावर टाकून एसटी स्टँडवर किंवा बाजारात फिरणंही अंगाशी येऊ शकतं. न्यायचीच असेल तर रिकामी आणि पिशवीत बंद असावी, कामापुरती न्यावी आणि थेट घरी परतावं.

२० जूल म्हणजे किती? घरच्या घरी करायचा हिशेब

जूल म्हणजे छऱ्यात भरलेला जोर. तो दोन गोष्टींवर ठरतो, छऱ्याचं वजन आणि त्याचा वेग. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब असा करायचा :

वजन (ग्रॅम) × वेग × वेग ÷ २००० = जूल

इथे वेग मीटर प्रति सेकंद धरायचा. बंदुकीच्या खोक्यावर तो बहुतेक वेळा फूट प्रति सेकंदात, म्हणजे एफपीएसमध्ये असतो. त्याला ०.३०५ नं गुणलं की मीटर मिळतात. छऱ्याचं वजन डबीवर ग्रेनमध्ये असतं. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. साडेचारचा नेहमीचा ८ ग्रेनचा छर्रा भरतो सुमारे ०.५२ ग्रॅम. सोनाराच्या जुन्या मापात सांगायचं तर सव्वाचार गुंजा.

आता उदाहरण घेऊ. ०.५२ ग्रॅमचा छर्रा २०० मीटर प्रति सेकंद वेगानं सुटला, तर ०.५२ × २०० × २०० ÷ २००० = १०.४ जूल. हे मर्यादेत आहे. हाच छर्रा साधारण २७७ मीटरच्या (सुमारे ९१० एफपीएस) वेगाला पोचला की २० जूलची रेघ येते.

मग खोक्यावर मोठ्या अक्षरात "१००० एफपीएस" लिहिलेलं असतं, त्याचं काय? ८ ग्रेनच्या छऱ्यानं खरंच १००० एफपीएस गाठले, तर ऊर्जा २४ जूलच्या वर जाते. पण जाहिरातीतला वेग बऱ्याचदा मिश्रधातूच्या अगदी हलक्या छऱ्यावर मोजलेला असतो. ०.३५ ग्रॅमच्या छऱ्यावर तोच वेग धरला तर ऊर्जा १६ जूलच भरते. म्हणून नुसता वेग बघून भुलू नये. "हा वेग किती वजनाच्या छऱ्यावर मोजलाय?" आणि "जूल किती?" हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारावेत. उत्तर देता येत नसेल, तर ती बंदूक घेऊ नये.

साडेचार आणि साडेपाच : उडताना फरक काय पडतो?

साडेपाचचा छर्रा साधारण १४ ग्रेनचा, म्हणजे ०.९ ग्रॅमचा असतो. साडेचारच्या जवळजवळ पावणेदोन पट. बंदुकीचा जोर सारखाच, समजा १० जूल, असेल तर हलका छर्रा सुमारे १९६ मीटर प्रति सेकंदानं सुटतो आणि जड छर्रा सुमारे १४९ नं. भरलेली पाटी आणि रिकामी पाटी एकाच जोरानं फेकण्यासारखंच हे आहे.

वेग कमी म्हणजे छऱ्याला पोचायला वेळ जास्त, आणि तेवढ्या वेळात तो खाली जास्त येतो. हवेचा अडथळा बाजूला ठेवून नुसता हिशेब केला, तर १० मीटरवर साडेचारचा छर्रा सव्वा सेंटिमीटरच्या आसपास खाली येतो आणि साडेपाचचा सव्वादोन. २५ मीटरवर हाच फरक ८ आणि १४ सेंटिमीटर होतो. म्हणून सराव करणाऱ्यासाठी साडेचारचा छर्रा सोपा पडतो. तो सरळ जातो, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम फार हलत नाही. शिवाय तो स्वस्त असतो आणि सहज मिळतो.

साडेपाचचा छर्रा जड असल्यानं वाऱ्यानं कमी ढळतो आणि आदळल्यावर जास्त जोर देतो, हेही खरं. ज्या देशांत कायद्यानं त्याला परवानगी आहे, तिथे तो उंदीर, घुशी मारायला वापरतात. पण तो तिथला उपयोग झाला. आपल्याकडे विनापरवाना वापरणाऱ्यासाठी साडेपाच हा पर्यायच नाही.

डमरूसारखा छर्रा आणि त्याची चार तोंडं

छर्रा हातात घेऊन बघितला तर तो डमरूसारखा दिसतो. पुढे डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. हा आकार उगाच नाही. मागून हवेचा दाब आला की मऊ शिशाचा घेर फुलतो आणि नळीतल्या आट्यांना घट्ट बसतो. आटे छऱ्याला गरगर फिरवतात, आणि फिरणारा छर्रा भोवऱ्यासारखा तोल सांभाळत सरळ जातो.

डोक्याच्या आकारावरून छऱ्याचे मुख्य चार प्रकार पडतात :

- चपटा : कागदाच्या चकतीवर अगदी गोल, स्वच्छ भोक पाडतो. गुण मोजायला वाद राहत नाही. १० मीटरच्या सरावाला हाच घ्यावा.
- गोल डोक्याचा : हवा कमी अडवतो, लांबवर नेम टिकवतो. २०-२५ मीटरवर पत्र्याचे डबे, लटकती निशाणं यांसाठी बरा.
- टोकदार : दिसायला भारी. पण टोक जरा वाकडं असलं की छर्राही वाकडा जातो. नवशिक्यानं यामागे लागू नये.
- पोकळ तोंडाचा : आदळल्यावर पसरण्यासाठी बनवलेला. कागदाच्या निशाणावर त्याचा काही फायदा नाही.

पोलादी गोल गोळ्या, ज्यांना बीबी म्हणतात, त्या वेगळ्या. आटे असलेल्या नळीत त्या घातल्या की आटे खराब होतात. शिवाय कडक वस्तूवर आदळून त्या उलट्या अंगावर येतात. ज्या बंदुकीवर "बीबी" असं स्पष्ट लिहिलेलं आहे, तिच्यातच त्या चालतात.

कोणत्या वजनाचा? बंदुकीलाच विचारा

साडेचारमध्ये ७ ग्रेनपासून १० ग्रेनपर्यंतचे छर्रे सहज मिळतात. साध्या, नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या बंदुकीला ७ ते साडेआठ ग्रेन बरा. फार हलका छर्रा घातला तर स्प्रिंगचा धक्का आतल्या दट्ट्याला बसतो. फार जड घातला तर छर्रा रडतखडत जातो. चांगल्या छऱ्यांच्या डबीवर डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असंही छापलेलं असतं. एकेका नळीला यातलं एकच माप नीट बसतं.

कोणता छर्रा आपल्या बंदुकीला लागू पडतो, हे कुणी दुसरा सांगू शकत नाही. एकाच कंपनीच्या दोन बंदुकांची आवडही वेगळी निघते. त्यासाठी साधी चाचणी आहे :

१. दोन-तीन वेगवेगळ्या छऱ्यांच्या लहान डब्या घ्या.
२. दहा मीटरवर कागद लावा. बसून, बंदूक वाळूच्या किंवा भाताच्या छोट्या पोत्यावर टेकवा.
३. नवा छर्रा सुरू करताना पहिले पाच-सहा बार मोजू नका, नळीला त्याची सवय होऊ द्या.
४. मग प्रत्येक छऱ्याचे पाच-पाच बार वेगळ्या कागदावर मारा.
५. पाच भोकांतल्या सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर पट्टीनं मोजा. ज्याचं अंतर सर्वांत कमी, तो छर्रा तुमचा.

भोकं चकतीच्या मधोमध पडली नाहीत तरी काळजी नको. मध्यभागी आणायचं काम माशी आणि मागच्या पट्टीच्या स्क्रूचं. छऱ्याचं काम एकच, पाचही बार एका जागी पाडणं.

पोरीला-पोराला नेमबाजीला पाठवायचंय?

मग मापाचा प्रश्नच उरत नाही. १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल या दोन्ही प्रकारांत ४.५ मिमीचाच छर्रा चालतो. एअर रायफल ऑलिंपिकमध्ये १९८४ ला आली, एअर पिस्तूल १९८८ ला. अभिनव बिंद्राचं २००८ चं बीजिंगचं सुवर्णपदक आणि मनू भाकरचं २०२४ चं पॅरिसमधलं पिस्तुलाचं कांस्य, दोन्ही याच साडेचारच्या छऱ्यावर आली. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, तोही याच मापावर.

एअर रायफलच्या निशाणावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो उडवायला ताकद नको, स्थिर हात हवा. स्पर्धेच्या रायफली मुद्दाम कमी ताकदीच्या असतात. साधारण ०.५३ ग्रॅमचा चपटा छर्रा १७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, म्हणजे साडेसात जूलच्या जवळपास. त्यामुळे "जास्त पॉवरची घेतली तर पोरगी लवकर पुढं जाईल" हा समज उलटा आहे. जोरकस स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका हाताला नको त्या सवयी लावतो.

लगेच महागडी रायफल घ्यायचीही घाई नको. पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात शूटिंग रेंज आहे. नसरापूर, कापूरहोळकडून महामार्गानं तिथे जाऊन यायला एक दिवस पुरतो. आधी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तिथल्या साधनांवर नेमबाजी करून बघता येते का, ते विचारावं, आवड टिकते का पाहावं आणि मग खर्च करावा.

माकडं आणि रानडुकरं : इथे कोणताच छर्रा "योग्य" नाही

रायरेश्वरच्या पायथ्यापासून पानशेतच्या मागच्या वाड्यांपर्यंत, जंगलाला लागून शेत असलेल्या माणसाचं दुखणं खरं आहे. रात्रभर राखण करूनही सकाळी भुईमूग उकरलेला दिसला की संताप होतो. पण त्यावर एअरगन हे उत्तर नाही. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं, कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकार म्हणजे फक्त जीव घेणं नव्हे. जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. माकड, वानर, रानडुक्कर, ससा, तितर, मोर हे सगळे संरक्षित आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मोरासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड आहे. "बंदुकीला परवाना लागत नाही" याचा अर्थ "प्राण्यावर चालवायला परवानगी आहे" असा होत नाही.

दुसरं, छऱ्याचा जोर. दहा-पंधरा जूलचा छर्रा रानडुकराच्या जाड कातडीवर आणि चरबीवर काही निकाल लावत नाही. तो त्याला फक्त जखमी करतो आणि चवताळवतो. असं डुक्कर पहाटे वाटेत कुणाला आडवं गेलं तर मांडी फाडल्याशिवाय राहत नाही. माकडाच्या अंगात छर्रा रुतला की जखम सडू शकते, ते तडफडून मरू शकतं. टोळी मात्र परत येतेच.

तिसरं, माणसं. फांदीवरच्या माकडावर वरच्या दिशेनं मारलेला छर्रा चुकला की शंभर मीटरच्या पलीकडेही जातो. तिकडे कोण गुरं घेऊन चाललंय, कुठल्या अंगणात लेकरं खेळताहेत, हे मारणाऱ्याला दिसत नाही.

असा अनुभव देशात इतरत्रही आहे. अरुणाचल प्रदेशात घरोघरी एअरगन होत्या आणि पक्षी, प्राणी झपाट्यानं कमी होत होते. तिथे २०२१ मध्ये एअरगन सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि गावकऱ्यांनी आपणहून दोन हजारांहून अधिक बंदुका दिल्या.

मग पिकाचं काय करायचं?

- नुकसान दिसताच मोबाईलवर फोटो काढा. शेत, पीक आणि पावलांच्या खुणा तिन्ही येऊ द्या.
- तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या. सोबत सातबारा, आधार आणि बँक पासबुकची प्रत जोडा. अर्जाची पोच घ्या.
- पंचनामा होईपर्यंत नुकसान झालेला भाग साफ करू नका.
- रानडुक्कर आणि माकड या दोघांनी केलेल्या नुकसानीचा भरपाईत समावेश आहे.
- जंगलालगतच्या गावांसाठी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. आपलं गाव त्यात बसतं का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.
- उपद्रव फारच वाढला असेल तर ग्रामसभेचा ठराव करून वन विभागाकडे बंदोबस्ताची मागणी करा. रानडुकराबाबत कायद्यानं काही तरतूद आहे, पण ती वनाधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीनंच आणि परवान्याच्या बंदुकीनंच. स्वतःच्या मर्जीनं नाही.
- वन विभागाची हेल्पलाइन : १९२६.

सराव करताना : मागं काय आहे, ते आधी बघा

छर्रा लहान आहे म्हणून तो खेळणं नाही. डोळ्याला लागला तर डोळा जातो. जवळून लागला तर कातडी फोडून आत शिरतो, लहान मुलाच्या जिवावरही बेततो.

- निशाणामागे दगडी गडगा, सिमेंटची भिंत, जाड पत्रा किंवा पाणी नको. छर्रा उलटतो. जुन्या चिंध्या आणि कागद गच्च भरलेलं खोकं, त्यामागे मातीचा उंच बांध, अशी व्यवस्था करा.
- बंदूक भरलेलीच आहे असं कायम समजा. रिकामी असली तरी माणसाकडे, जनावराकडे नळी वळवू नका.
- नेम धरेपर्यंत बोट चापावर नको.
- डोळ्यांना चष्मा लावा. बघणारे मागे उभे राहू द्या.
- मुलाच्या हाती बंदूक द्यायची तर मोठं माणूस शेजारीच हवं. काम झालं की बंदूक कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात.
- गडावर, धरणाच्या काठावर, रस्त्यालगत सराव नको. राजगड-तोरण्याच्या वाटांवर शनिवार-रविवारी किती माणसं असतात, हे सांगायला नको.

छर्रे तोंडात धरून एकेक भरायची सवय बऱ्याच जणांना असते. ती आजच सोडा. छर्रा शिशाचा असतो आणि शिसं हे विष आहे. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा वाईट परिणाम होतो. सराव झाला की साबणानं हात धुवा, मगच जेवायला बसा. वापरलेले छर्रे गोळा करा, भातखाचरात किंवा कोंबड्यांच्या जागेत पडू देऊ नका.

वेल्ह्याच्या पावसात बंदूकही सांभाळावी लागते. ओल लागली की नळी गंजते आणि छऱ्यांवर पांढरी भुकटी धरते. असे छर्रे वापरू नका, हातानं चोळू नका. डबी घट्ट झाकणाची ठेवा. स्प्रिंगच्या बंदुकीत नळीत जास्त तेल सोडू नका, दाबानं ते आतच पेटतं आणि धूर येतो. आणि छर्रा न भरता रिकामा चाप ओढू नका, आतला दट्ट्या फुटतो.

छर्रा लागलाच तर

- सुई, चिमटा, ब्लेडनं घरी काढायचा प्रयत्न करू नका. भोक छोटं दिसतं, पण छर्रा खोल गेलेला असू शकतो.
- रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. हळद, चुना भरू नका.
- डोळ्याला लागला असेल तर चोळू नका, दाबू नका, थेंब घालू नका. डोळ्यावर कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टी लावा.
- १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. डॉक्टरांना छर्रा शिशाचा की पोलादी, माप किती, हे सांगा. जमलं तर डबीच दाखवा. पुढच्या तपासण्या त्यावर ठरतात.
- भीतीपोटी लपवाछपवी करू नका. तिच्यात वेळ जातो आणि वेळ गेला की डोळाही जातो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

साडेपाचची बंदूक घरात आधीच आहे. आता काय?
वापर लगेच थांबवा. वकिलाचा सल्ला घ्या आणि पोलीस ठाण्यात जाऊन परवान्याबद्दल किंवा ती जमा करण्याबद्दल विचारा. गुपचूप दुसऱ्याला विकणं हा आणखी एक गुन्हा होईल.

माकडांना नुसतं घाबरवायला, छर्रा न घालता आवाज काढला तर?
स्प्रिंगची बंदूक रिकामी उडवली तर ती खराब होते आणि आवाजही फारसा होत नाही. डबा वाजवणं, राखण, कुत्रं, कुंपण हेच उपाय बरे.

सर्वांत चांगला छर्रा कोणता?
कागदावर सराव करायचा असेल तर ४.५ मिमी, चपटा, ७ ते साडेआठ ग्रेन. त्यातला नेमका कोणता, ते पाच बारांची चाचणी सांगेल.

दुकानात जाताना एवढं लक्षात ठेवा. माप .१७७, ताकद २० जूलच्या आत, बिल पक्कं आणि निशाण कागदाचं. यातली एकही गोष्ट जुळत नसेल, तर बंदूक न घेता परत आलेलं बरं.